काटा हललेला न्हाई

हे रामनगरात कुणाला ठाऊक नाही. माझ्या बायकोला नाही, आक्काला नाही, आणि ज्या माणसाचं हे सगळं आहे त्यालाही परवा-परवापर्यंत नव्हतं. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू—मी आज फार खुशीत आहे म्हणून. खुशीत असलो की माझी जीभ सैल सुटते. एरवी असलं काही माझ्या तोंडातनं निघायचं नाही.

तेव्हा आधी खुशीचं ऐका.

यंदा उळवीच्या जत्रेला खानापूरकडची मंडळी एका मोठ्या एसी बसनं गेली. ती बस आमच्या गॅरेजातनं दुरुस्त होऊन गेली होती. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. जोयडा मागं पडलं, कुंभारवाड्याकडची वळणं सुरू झाली, बस कण्हत कण्हत चढत होती. आणि आत? आत म्हाताऱ्या डोक्यावरनं पदर घेऊन, पाय सीटवर ओढून, एकमेकींना चिकटून बसलेल्या. शेवटी मागनं एका आजींनी हाक दिली, "आरं बाळा, थंडी वाजालिया. ते जरा बंद कर की."

इतकी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती. ड्रायव्हरनं शेजारी बघितलं. शेजारी माझे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"दाजी, बंद करू काय?"

दाजी समोरच्या काचेतनं बघत म्हणाले, "नगं. वाजू दे की थंडी. उळवीपतूर वाजू दे."

आख्खी बस हसली. मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. मीही हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या माणसाला वाटलं, मेव्हण्याला दाजींचं केवढं कौतुक. कौतुक होतंच हो. पण ते पाणी निव्वळ कौतुकाचं नव्हतं.

आमचं गॅरेज रस्त्याला लागून आहे, पत्र्याच्या शेडचं. दाजी खानापूरकडनं इथं आले, आक्का त्यांच्याबरोबर आली, आणि आक्काच्या मागनं शाळा सोडलेला मी. बसच्या एसीचं काम मला दाजींनी शिकवलं. तो घरातल्यासारखा भिंतीवर टांगलेला डबा नव्हे. मागं इंजिनापाशी कॉम्प्रेसर, छतावर अर्धं बिऱ्हाड, आणि दोन्हींच्या मधे बसच्या अंगभर फिरलेल्या तांब्याच्या नळ्या अन् रबरी पाईप. त्यातनं गॅस फिरतो. आमच्या रस्त्यांवर बस हादरते, नळी कुठंतरी चिरते, गॅस निघून जातो. वरनं नुसता गॅस भरून द्यायला काय लागतं? चार दिवस गार, पाचव्या दिवशी पुन्हा भट्टी. दाजींनी तसं कधी केलं नाही. उरलासुरला गॅस सिलिंडरमधे काढून घ्यायचा, गळती शोधायची, बत्तीच्या ज्योतीनं सळी वितळवून नळीला जोड घालायचा, मग पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढायची. हवा निघाली की गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा शून्याच्या खाली जाऊन बसतो. तिथं पंप थांबवायचा, कॉक बंद करायचे आणि वाट बघायची. टाचणीएवढं भोक असलं तरी बाहेरची हवा आत शिरते आणि काटा हळूहळू वर यायला लागतो. नाही हलला तर जोड पक्का. मगच नवा गॅस.

ही वाट बघायची आमची रीत अशी, की सगळ्यांनी जेवायला बसायचं. बसण्याआधी गेजच्या काचेवर, काट्याच्या टोकाशी, आक्काच्या करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका द्यायचा. मग घाई नाही. ताटावरनं उठून डोकावायचं नाही. भात, आमटी, शेवटी ताकभात, हात धुवायचे, आणि मग एकानं जाऊन बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. हा एकजण जोड घालणारा असता कामा नये. दाजी म्हणायचे, "आपल्या पोराला आपणच मार्क देतो काय?" म्हणून जोड दाजींचा आणि काटा माझा. मी बघून यायचो आणि दारातनं ओरडायचो, "हललेला न्हाई." दाजी मान हलवायचे. खात्री करायला ते कधी उठले नाहीत. एकदाही नाही.

हे 'एकदाही नाही' मी मुद्दाम सांगतोय. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

सात-आठ वर्षं झाली असतील. अशीच जत्रा, अशीच खानापूरची बस, एसी बंद पडलेला. त्या बसमधे मंदा होती. आता माझी बायको आहे, तेव्हा नुसतं स्थळ होतं. तिचे वडील होते, आजी होती. बघण्याचा कार्यक्रम अजून व्हायचा होता, पण आक्कानं माझ्या कानात सांगितलं, ती निळ्या साडीतली तीच. झालं. माझी कॉलर ताठ झाली. दाजी छतावर जाऊन नळीला जोड घालत होते आणि मी खाली कॉम्प्रेसरचा पाईप उघडून परत बसवत होतो. त्या पाईपाच्या तोंडाशी रबराची रिंग असते, अंगठीएवढी. पाईप उघडला की रिंग नवी टाकायची. नवी आणायला मागच्या खोलीत जावं लागलं असतं. मंदा आणि तिचे वडील समोर झाडाखाली खुर्च्या टाकून माझं काम बघत होते—मी कशाला उठतोय तिथनं? जुनीच रिंग शर्टाला पुसली आणि बसवली.

मग जेवण. त्या दिवशी आक्कानं मंदाच्या घरच्यांनाही पान वाढलं होतं. जेवण झाल्यावर मी काटा बघायला गेलो. ठिपका होता तिथंच होता. काटा मात्र त्याच्या वर आला होता. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. पण हलला तो हललाच. आणि का हलला, तेही मला तिथंच कळलं. दुसरं कशानं हलणार? सांगितलं असतं तर काय झालं असतं? रिंग बदलायची, पुन्हा पंप, पुन्हा वाट. बसला थोडा उशीर. पण कुणाचं चुकलं हे होणाऱ्या सासऱ्यासमोर निघालं असतं. मी अंगठ्यानं ठिपका पुसला. त्याच कुंकवाच्या अंगठ्यानं, काटा आता होता तिथं, नवा उमटवला. आणि दारातनं ओरडलो, "हललेला न्हाई."

दाजींनी मान हलवली.

तुम्ही म्हणाल, झालं, कबूल झालास. नाही हो. एवढंच असतं तर मी हे कधीच आक्काजवळ बोलून मोकळा झालो असतो. हे तर नुसतं दार आहे. आत अजून जायचंय.

गॅस भरला. रामनगरात बस गार झाली, सगळे खूश. मीही बसमधे चढलो, पुढं काही बिघडलं तर माणूस हवा म्हणून. असं मी सांगितलं. कुंभारवाडा मागं पडेपर्यंत आतनं गरम वारा यायला लागला. त्या बसला उघडायला खिडक्या नाहीत, नुसत्या काचा. माणसांनी भरलेली बस पत्र्याच्या पेटीसारखी तापली, आणि मंदाच्या आजींना भोवळ आली. त्यांना दोन्ही हातांवर उचलून सावलीत नेलं कुणी? मी. जवळच्या घरातनं कळशीभर पाणी आणलं कुणी? मी. छताची झडप उघडली, दार उघडं टाकलं, सगळ्यांना खाली उतरवलं, सगळं मीच. आजी थोड्या वेळात उठून बसल्या आणि माझ्या गालावरनं हात फिरवून म्हणाल्या, "लई गुणाचं पोर हाय." लग्न खरं म्हणजे तिथंच ठरलं. आग लावणारा मी आणि विझवल्याची शाबासकी घेणाराही मी. आणि मला ती शाबासकी आवडली. लाज वगैरे नाही वाटली, खोटं कशाला बोलू? मग सगळे इकडं गुंतलेले बघून मी बसच्या मागं गेलो, पाईप सोडवून ती जुनी रिंग काढली आणि झाडीत भिरकावून दिली.

परत आलो तेव्हा दाजी गॅरेजच्या दारात उभे होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"कुठनं गेला रं गॅस?"

रागानं नाही. नुसतं विचारलं. 'रिंग' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. दाजींनी फार तर चार शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळी माझ्यासाठी भजी मागवली असती. असा माणूस तो. पण मी म्हणालो, "छतावरनं, दाजी. तुमच्या जोडाला फेस आला."

साबणाचं पाणी लावलं की गळती असेल तिथं फेस येतो, बुडबुडे येतात. मी छतावर चढलोही नव्हतो.

दाजींनी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं.

त्या हिवाळ्यापासनं त्यांचा तो हात जरासा कापायला लागला होता. सकाळी चहाची बशी उचलली की काठावरनं चहा सांडायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना भीती बसली होती. आक्कानं बघितलं होतं, मी बघितलं होतं. आता ऐका, कारण सांगायचं होतं ते हेच. त्या भीतीची मला माहिती होती. ती होती म्हणूनच ही थाप चालणार हे मला ठाऊक होतं. दुसरा कुठलाही मेस्त्री म्हणाला असता, चल दाखव फेस. दाजी म्हणणार नाहीत, कारण ते आधीपासनंच स्वतःच्या हातावर संशय घेऊन बसलेत. मी घाबरून बोललो असं मी मला बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. मी नेम धरून बोललो.

त्यांनी बत्ती पुसून, पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली. "आता तूच घाल जोड," म्हणाले. त्या दिवसापासनं जोड माझा आणि काटा दाजींचा झाला. दर जेवणानंतर ते जायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि असेल ते सांगायचे. हलला असेल तर "हललाय, परशा. डावीकडचा बघ," एवढंच, त्यात टोमणा नाही. बाकी वेळ बाहेर खुर्चीवर बसायचे आणि गोव्याला जाणाऱ्यांना वाट सांगायचे. गावानं ठरवून टाकलं, दाजींचा हात गेला. आणि परशराम, म्हणजे मी? परशराम मोठा मेस्त्री झाला. लांबनं बसा यायला लागल्या. मी शेडवर माझ्या नावाची पाटी लावली. ती पाटी रंगवली दाजींनी, कापत्या हातानं, अक्षरं जरा वाकडी आहेत. रोज सकाळी तिच्याखालनं मी आत जायचो. कसा जात होतो, असं विचाराल तर—सवयीनं जात होतो.

आता यंदाचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ती बस आली. नळी चिरली होती छतावरच्या पेटीच्या अगदी कोपऱ्यात, जिथं हात जेमतेम जातो आणि डोळा जात नाही. मी जोड घातला. जेवलो. दाजी बघून आले, "हललाय." मी पुन्हा घातला. आक्कानं दुसऱ्यांदा जेवण कुठलं करायचं, पोहे केले. ते खाऊन होईपर्यंत काटा पुन्हा वर. ड्रायव्हर येरझाऱ्या घालायला लागला. सकाळी सगळी मंडळी बसमधे चढणार होती. मी घामानं निथळत छतावरनं खाली आलो आणि म्हणालो, हुबळीला पाठवा बस, आपल्याच्यानं होणार नाही.

तेव्हा आक्का स्टूल घेऊन माळ्यावर चढली. पिशवी खाली काढली आणि दाजींच्या मांडीवर ठेवली.

"हात कापतुय गं," दाजी म्हणाले.

"कापू दे की. चपात्या लाटताना माजा न्हाई कापत? उटा."

दाजी उठले. मला अजून दिसतं ते. धोतराचा सोगा खोचला, शिडीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि वर चढले. मी आरसा धरून बसलो, म्हणजे कोपरा त्यांना दिसावा. हात कापत होता. खोटं कशाला सांगू, चांगला कापत होता. पण त्यांनी मनगट पेटीच्या कडेवर टेकवलं, डाव्या हातानं उजव्याला धरलं आणि ज्योत नळीवर आणली. जोडाची सळी वितळली आणि चिरेत अशी गेली, जशी आपल्या घरी गेली. एकच फेरी. दुसरी लागलीच नाही. बत्ती विझवून ते म्हणाले, "चला, आता काय वाढतीस वाढ."

आक्कानं तिसऱ्यांदा पानं मांडली. आमटी उरली नव्हती, नुसता भात, लोणचं आणि सोलकढी. इतकं चवीचं जेवण मी आजवर जेवलो नाही. जोड दाजींचा, म्हणजे काटा माझा. हात धुऊन मी गेलो. कुंकवाच्या ठिपक्यावर काटा असा बसला होता, जणू त्यालाच तो टिळा लावलाय. मी दारातनं ओरडलो, "हललेला न्हाई."

आणि दाजींनी मान हलवली.

उठून बघायला आले नाहीत. माझा तोच आवाज, तेच दोन शब्द, आणि त्यांची तीच मान. आक्का पदरानं डोळे पुसत होती, ड्रायव्हर दाजींच्या पाया पडला, बाजूच्या चहावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. मी गेजला हात लावून तिथंच उभा. यावेळी खरं बोललो होतो. पण ऐकणाऱ्याला त्यात काय फरक होता?

बस उळवीला पोचली ती कशी गार, ते मघाशी सांगितलंच. थंडीनं कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या उन्हात उतरून हाश्श म्हणाल्या. देवळात दाजींनी नारळ फोडला. मी मागंच होतो. हात जोडून ते पुटपुटले ते मला ऐकू आलं: "माजा हात परत दिलास."

रामनगरात आलो तर तिथंही तेच. दाजींचा हात परत आला. ज्याच्या त्याच्या तोंडी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, गेला कुठं होता? देवाला नारळ कशाला, तो हात देवानं कुठं घेतला होता?

परवा दुसरी बस आली. जोड दाजींनी घातला. काट्याशी ठिपका दिला, आम्ही जेवायला बसलो. आक्का ताक आणायला आत गेली होती. मी ताटाकडं बघत म्हणालो, "दाजी, त्या वर्षी काटा हलला होता. मी बघितला होता. तुमचा जोड गळत नव्हता, माझी रिंग जुनी होती."

दाजी घास घेत होते. तो त्यांनी पुरता चावला, गिळला.

"ठिपका?"

"मी पुसला. नवा मीच लावला."

"आन् फेस?"

"नव्हता. मी वर चढलोच नव्हतो. तुमचा हात कापतोय हे मला ठाऊक होतं, म्हणून तसं बोललो."

माफ करा असं म्हणालो नाही. माफी मागायला तोंड नव्हतं असंही नाही, पण मागितली असती तर त्यांनी दिली असती, आणि मग ते ओझंही त्यांच्याच अंगावर गेलं असतं.

दाजी माझ्याकडं बघत नव्हते. उजवा हात उताणा करून बघत होते, भाताची शितं लागलेला, जरासा कापणारा. मग उठले. ताकभात राहिला होता, तरी उठले. हात धुतले, पुसले, आणि बसकडं चालायला लागले. जोड स्वतःचा असताना दाजी काट्याकडं निघालेले मी जन्मात पहिल्यांदा बघितले. गेजसमोर वाकले, चष्मा वर केला, काचेला नाक लागेल इतक्या जवळनं बघितलं.

"हललेला न्हाई," ते म्हणाले. नुसते म्हणाले नाहीत, रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. त्या आवाजात नवस नव्हता, नारळ नव्हता. आपलं आपल्यापाशीच होतं हे कळलेल्या माणसाचा आवाज होता तो. म्हणून मी खुशीत आहे. दुसरं काही नाही.

आक्का ताकाचं भांडं घेऊन दारात आली. "ह्ये काय? आज तुमी कसं गेलासा बघायला?"

"माजा जोड हाय," दाजी म्हणाले. "मीच बघणार."

तिला त्यांनी काही सांगितलं नाही. मलाही काही बोलले नाहीत. कामापुरतं बोलतात, पाना मागतात, चहा झाला का विचारतात. आता जोड दाजींचा आणि काटाही दाजींचाच. ते बघायला जातात तेव्हा मी ताटावर बसून असतो.